हाइदचा कालवा

एकतीस वर्षं पाटबंधारे खात्यात मी कालवे आखले.
कालवा म्हणजे उतार,
पाण्यालाही न कळेल इतका,
आणि शेवटी कुणाचा तरी ऊस.

केंटमधला हा कालवा कुणाच्याच शेतात जात नाही.
किनाऱ्याशी समांतर चालतो
आणि मध्येच मोडतो, गुडघ्यात वाकल्यासारखा.
मी म्हटलं, आखणी चुकली.
सिरिल हॉगबेन हसला. वय एक्क्याण्णव, सोबत ओलं कुत्रं.
म्हणाला, प्रत्येक वाकणावर तोफ ठेवायची,
पुढच्या सरळ पाण्यावर मारा करता यावा म्हणून.

म्हणजे कुणीतरी येऊ नये
म्हणून खणलेलं पाणी.

दोनशे वर्षांपूर्वी पलीकडे फ्रान्समध्ये
फौज होड्या बांधून वाऱ्याची वाट बघत होती.
युरोपातल्या रोंरावत्या नद्या उतरून आलेली माणसं,
आणि त्यांच्यासाठी हा साठ फुटांचा चर!
माझी नात शाल्मली गेल्या रविवारी
भाड्याच्या होडीतून सात वल्ह्यांत पलीकडे गेली
आणि माझं आइस्क्रीम संपायच्या आत परत आली.

हे मी सिरिलला ऐकवलं, जरा ऐटीतच.
मी भोरचा. तट आम्हाला कुणी शिकवायचे?
तोफेने तट क्वचितच पडतो, म्हटलं.
दाणागोटा संपला की पडतो,
टाक्यातलं पाणी नासलं की पडतो,
आणि बरेचदा तर मोहरांची एक थैली पुरते,
दिंडीचा अडसर आतूनच सरकतो.
दिंडीला इंग्रजी शब्द सुचेना.
हाताने दाखवलं: एवढंसं दार, वाकून जायचं.

तो काही न बोलता पुढे चालू लागला.
काटेरी झुडपांत काँक्रीटचं खोपटं, चाळीस सालचं,
भिंतींना जंग्या, पाठीमागे बुटकं भोक.
'डिंडी,' तो म्हणाला.

आत ओल, बिअरचे डबे,
भिंतीवर खडूने लिहिलेलं कुणाचं तरी प्रेम.
दिवसभर बस चालवून त्याचा बाप रात्री इथे बसायचा.
पाच माणसं, तीन बंदुका,
आणि बेकरीवाल्या फॅगने आणलेला शिळा पाव.
येणार होती ती फौज,
जिने फ्रान्सची सगळ्यात भक्कम तटबंदी
फोडण्याचे कष्टही फारसे घेतले नाहीत,
वळसा घातला.

आठ वर्षांच्या सिरिलने विचारलं होतं,
इथे थांबतील ते?
नाही रे, बाप म्हणाला.
मग?
दहा मिनिटं. फॅग जागा असला तर बारा.
तेवढ्यात कुणी चर्चची घंटा वाजवेल,
तुझी आई तुला घेऊन टेकडी चढेल,
मागच्यांना कळेल, कुठून आले.

मग कुणी आलंच नाही.
तेव्हाही नाही आणि त्या आधी, तोफांच्या काळीही नाही.
म्हणजे कालवा जिंकला का?
बाकावर बसून आम्ही यावर भांडलो.
मी म्हटलं, समुद्राने अडवलं. आरमाराने, विमानांनी.
तो म्हणाला, असेल.
न झालेल्या लढाईचा पंचनामा करणार कोण?
तुझं धरण फुटलं नाही
तर बक्षीस कुठल्या दगडाला देतोस?
खात्याचा माणूस म्हणून मला गप्प बसावं लागलं.

निघताना मी पुन्हा आत वाकलो.
जंगीतून फ्रान्स दिसत नाही.
चार बोटं पाणी दिसतं
आणि समोरच्या घरात चादर झटकणारी एक बाई.
दाराच्या चौकटीवर हात फिरवला:
बिजागरीची खूण नाही, कडीची नाही.
दार बसवलंच नव्हतं?
लाकूड नव्हतं, तो म्हणाला.
आणि पाठीमागे आम्हीच तर होतो.

तेवढ्यात त्याच्या कुत्र्याला पलीकडे बदक दिसलं.
हाका मारून काही उपयोग नव्हता.
आम्ही दोघं म्हातारे काठावर,
मनगट डोळ्यांजवळ धरून.

पावणेतीन मिनिटं.